चौथ्या धड्याची दुरुस्ती

"चालवून बघितल्याशिवाय फळ्यावर लिहायचं न्हाई, शिवकांता. आपल्याला वाटतंय ते बरोबर हाय का न्हाई, हे यंत्राला विचारायचं. यंत्राला आपली भीड नसती."

शेषेराव सर हे सांगायचे तेव्हा त्यांच्या बोटांना सोल्डरचा वास यायचा. नांदेडच्या विद्यापीठातल्या याच विभागात, याच लांबोळक्या खोलीत, तेवीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या हाताखाली इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल केलं. सर आता नाहीत. टेबलं तीच आहेत, त्यांच्यावर लॅपटॉप आले.

मी लातूरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. दोन वर्षांपासून मे महिन्यात तीन आठवडे नांदेडला येते, मुलींच्या वसतिगृहातली एक खोली घेते आणि उन्हाळी वर्गात पोरांना क्वांटम कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर शिकवते. तसं यंत्र काही आमच्याकडे नाही. जगातच ते मोजक्या ठिकाणी आहे. पण ते चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि खुलं आहे, साध्या लॅपटॉपवर ते त्या यंत्राची नक्कल करून दाखवतं. खुलं म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी, आणि ज्याच्याकडे मंजुरीचा हक्क आहे त्यानं ती तपासून आत घ्यावी. सगळं उघड्यावर. कुणी काय लिहिलं, कुणी किती दिवस अडवून धरलं, सगळ्यांना दिसतं.

त्या सॉफ्टवेअरचे बारा धडे मी मराठीत आणले. माझा नेम असा की पहाटे अंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. पूजा झाली की कॉलेजला जाईपर्यंत दीड तास उरतो. दोन वर्षं तो दीड तास मी त्या धड्यांना दिला. मराठी धड्यांच्या मंजुरीचा हक्क दोघांकडे होता, मी आणि उमाशंकर सर. सर या वर्गांचे प्रमुख. त्यांनी तो हक्क एकदाही वापरला नाही, पासवर्डसुद्धा मलाच विचारायचे.

यंदा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"शरणू शरणार्थी, मॅडम. एक कानावर घालतो. पुढच्या वर्षीपासून वर्ग नांदेडला आणि लातूरला, दोन्हीकडं घ्यायचेत. शिकवण्याची सगळी जबाबदारी एकाच माणसाकडं द्यायची. शेवटच्या शनिवारी नाव जाहीर करतो. माझ्या मनात तुम्हीच आहात. पण यंदा इथली एक पोरगी येऊन राहिलीय, लई हुशार म्हणतात. तिलाही बघू."

मी म्हणाले, "बघा की." पण हे वर्ग माझे आहेत असं मी दोन वर्षं धरून चालले होते. ते दुसऱ्याकडे जाऊ शकतात हे मला त्या मिनिटाला पहिल्यांदा कळलं.

ती पोरगी म्हणजे कहकशां. सत्तावीस वर्षांची. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, शाळा उर्दूतून, पुढं इंजिनिअरिंग. घरी बसून कुठल्याशा परगावच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायची. पहिल्या दिवशी ती मला वाकून सलाम करून म्हणाली, "मॅडम, तुमच्या नावाला मी लई दिवसांपासून ओळखते." मला तेही आवडलं नाही. नावाला ओळखते म्हणजे काय.

दुपारी पोरांचे दोन गट व्हायचे, अर्धे माझ्याकडे, अर्धे तिच्याकडे. दोन दिवसांत मी बघितलं की जेवणाच्या सुट्टीत पोरं खुर्च्या उचलून तिच्या टेबलाकडं जातात. तिसऱ्या दिवशी माझा प्रदोषाचा उपास होता. मी भगरीचा डबा उघडून एका टोकाला बसले होते. मी खुर्च्या मोजल्या. अकरा. त्यातली सहा पोरं माझ्या गटातली होती. तिला सगळी आपा म्हणायची, म्हणजे ताई.

"आपा, आज काय आणलंय?"

"तुझ्या नशिबात नाही ते. आधी कालचा प्रोग्रॅम दाखव, मग झाकण उघडते."

"चालला की आपा. चालून राहिलाय, फक्त उत्तर येत न्हाई."

हसण्याचा लोट इकडच्या टोकापर्यंत आला. माझ्या वर्गात कधी कुणी हसलं नव्हतं. माझ्या वर्गात पोरं "मॅडम, आत येऊ का" विचारून येतात, वही सरळ धरतात, मागच्या बाकावरची कान पुढं करतात, कारण माझा आवाज बारीक आहे. हे सगळं मला आजवर आदर वाटत आलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, ह्यांना माझ्याशी बोलायला काही नाहीच की काय.

संध्याकाळी जपाला बसले. एकशे आठ वेळा नाव घ्यायचं. चाळीसच्या आसपास माझ्या ध्यानात आलं की तोंडात शिवाचं नाव आहे आणि डोळ्यापुढं कहकशांच्या डब्याचं झाकण. पुन्हा एकपासून सुरू केलं. त्या आठवड्यात असं रोज झालं.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी चौथा धडा आला.

चौथा धडा सोपा आहे. तीन क्यूबिट म्हणजे चित्रात तीन आडव्या तारा, एकीखाली एक. प्रोग्रॅम चालवला की शेवटी तीन अंक मिळतात, प्रत्येक अंक शून्य किंवा एक. आता कुठला अंक कुठल्या तारेचा? धड्यात मी लिहिलं होतं की डावीकडचा पहिला अंक सगळ्यात वरच्या तारेचा. आपण वाचतो तसंच.

माझ्या गटात अहमदपूरची सृष्टी होती. बारकी, चष्मा लावणारी, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घालणारी. तिनं हात वर केला.

"मॅडम, मी फक्त वरच्या तारेवर शून्याचा एक केला. तरी एक शेवटी येऊन राहिलाय. शून्य, शून्य, एक."

मी तिच्या लॅपटॉपकडं बघायला हवं होतं. पण त्याच वेळी पलीकडच्या टोकाला कहकशां फळ्यावर काहीतरी काढत होती आणि तिचा सगळा गट उठून फळ्याशी गेला होता. मी तिकडं बघत म्हणाले, "तार चुकली असेल. खालच्या तारेवर लावलं असशील."

"न्हाई मॅडम, वरच्याच."

"मग परत लाव." आणि तिची वही ओढून लाल पेनानं लिहिलं: पहिला अंक, पहिली तार. खाली सहीसुद्धा केली, कारण पोरांच्या वहीत काही लिहिलं की सही करायची माझी सवय आहे.

पाच मिनिटांनी पाणी प्यायला म्हणून मी पलीकडं गेले. खरं सांगायचं तर ऐकायला गेले.

"हे सॉफ्टवेअर उलटं चालतं," कहकशां सांगत होती. "वरची तार असती ना, तिचा अंक उजव्या टोकाला. मग तिच्याखालची, तिच्या डावीकडं. म्हणजे आकडे उजवीकडून वाचायचे. माझ्या अम्मीला दाखवलं तर ती म्हणाली, ह्यात काय नवल, उर्दू तशीच वाचतात."

बिलोलीचा सत्यम म्हणाला, "आपा, मग आम्हाला उर्दू शिकावी लागती का?"

"हौ. अलिफ, बे, पे. उद्या पाठ करून ये."

"आणि माझ्या आजोळची तेलुगू?"

"ती तू गोल गोल वाच."

पोरं हसली आणि शिकलीही. मला ते स्पष्ट दिसलं. एका वाक्यात त्यांना जे समजलं ते पोरं आता जन्मात विसरणार नव्हती. आणि मला ते सोसलं नाही, दोन कारणांनी. एक, ती बरोबर होती. दोन, तिचं सांगणं पुस्तकातून आलेलं नव्हतं, तिच्या पहिल्या शाळेतून, तिच्या आईच्या बोलण्यातून ते सहज तिच्या हाताशी आलं होतं. मी दोन वर्षं पहाटे बसले तरी ते मला सुचलं नसतं.

खोलीवर जाऊन मी चौथा धडा उघडला. मी चालवून बघितला नव्हता का? बघितला होता, दहादा. पण धड्यातलं उदाहरणच असं होतं की उत्तर एक तर तीन शून्यं येतं, नाही तर तीन एक. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच. यंत्रानं मला कधी अडवलंच नाही.

तेवढ्यात दुरुस्ती आली. कहकशांनं रीतसर पाठवली होती, खुल्या जागेत, सगळ्यांना दिसेल अशी. चौथ्या धड्यातलं एक वाक्य आणि एक नवं उदाहरण. सोबत दोन ओळी: "मॅडमचे धडे फार सुंदर आहेत. या एका ठिकाणी क्रम उलटा झाला आहे असे वाटते. कृपया पहावे." वर्गात ती कुणाला काही बोलली नव्हती. धडा चुकलाय हा शब्दही तिनं काढला नव्हता. तिनं चारचौघांत माझी चूक काढली असती तर मला तिच्यावर रागावता आलं असतं. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

मंजूर करायला एक बटण दाबायचं असतं. मी उत्तर लिहिलं: "बदल योग्य वाटतो. मात्र आकृत्याही त्यानुसार बदलाव्यात."

सकाळी पूजा करून बघते तर आकृत्या बदललेल्या. खाली "जी, केलं."

मी लिहिलं: "सहाव्या व नवव्या धड्यातही हाच क्रम येतो. एकवाक्यता हवी."

दोन दिवसांनी सहावा आणि नववाही झाला. "जी, केलं."

मग मी लिहिलं: "एकाच विनंतीत तीन धडे नकोत. प्रत्येक धड्याची दुरुस्ती वेगळी पाठवावी."

या वेळी नुसतं "जी." आणि तीन वेगळ्या विनंत्या.

पूजेत मी रोज संकल्प करते की आज खोटं बोलणार नाही. या तिन्ही उत्तरांत एकही शब्द खोटा नव्हता. आकृत्या बदलायला हव्याच होत्या. एकवाक्यता हवीच असते. असं मी स्वतःला समजावत होते आणि मला ते पटतही होतं. चौथं कारण शोधायला मी शुक्रवारी संध्याकाळी विरामचिन्हं तपासत बसले.

त्याच शुक्रवारी उमाशंकर सरांनी चहाच्या वेळी विचारलं, "कहकशां कशी वाटली, मॅडम? तुमचं मत महत्त्वाचं. तुम्ही कुणाचं वाईट बोलत न्हाई."

मी पेल्यात बघत म्हणाले, "हुशार आहे. जरा घाईची आहे."

सरांनी मान हलवली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. मी हळू बोलते, देवाधर्माची आहे, म्हणून माझं वाक्य त्यांनी तसंच्या तसं खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या शनिवारच्या समारोपाच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचं व्याख्यान नव्हतं. माझं होतं. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं दिवसभर टिकलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण टिकलं.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी पोरांच्या प्रकल्पांची रंगीत तालीम होती. प्रोग्रॅम चालवायचा आणि एक तपासणारा प्रोग्रॅम बरोबर की चूक ते सांगणार. सृष्टीचा प्रकल्प सगळ्यांत धीट होता. आठ बंद डबे, एकात गूळ. साधा कॉम्प्युटर एकेक डबा उघडत बसेल, क्वांटमच्या रीतीनं दोनच फेऱ्यांत नेमका डबा सापडतो. डब्यांना नंबर तीन अंकांचे. गूळ होता एक-एक-शून्यमध्ये. तिच्या प्रोग्रॅमनं दाखवला शून्य-एक-एक.

पडद्यावर लाल अक्षरं आली. सर म्हणाले, "बेटा, चुकीचा डबा उघडून राहिलीस."

सृष्टी म्हणाली, "सर, धड्यात हाय तसंच केलंय."

"धडा राहू दे. यंत्र काय म्हणतंय बघ."

ती वही उघडून उभी राहिली. पुढच्या रांगेतून मला वहीवरचं लाल दिसत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं, पदराचं टोक सरळ केलं. मग पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं.

गुरुवारी पहाटे पूजेला बसले. भस्म लावलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि दार लोटलं गेलं. कहकशां. मला बसलेलं बघून तिनं चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवरच बसली.

"होऊ द्या, मॅडम. मी बसते."

मी डोळे मिटले. ती हळूच बोलायला लागली. मला बोलता येत नाही हे तिला माहीत नसावं, किंवा माहीत होतं म्हणूनच.

"सृष्टी गेली, मॅडम. आत्ता पहिल्या गाडीनं, अहमदपूरला. सामान घेऊन. शनिवारी येणार न्हाई, असं स्टँडवरून फोनवर म्हणाली."

माझ्या तळहातावर लिंग होतं. हात हलू द्यायचा नसतो.

"तिचा प्रोग्रॅम आधी बरोबर होता. मी जुन्या फाइली बघितल्या. मागच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत गूळ बरोबर सापडत होता. मग तिनं तो बदलला, वहीत लिहिलंय तसा. सत्यमनं तिला सांगितलं होतं, उजवीकडून वाच म्हणून. तिनं ऐकलं न्हाई. म्हणाली, मॅडमच्या हातचं हाय, सहीसकट. यंत्र चूक म्हणून राहिलं होतं, तरी तिनं तुमचंच धरलं."

या ठिकाणी मला आधी काय वाटलं ते सांगते. आधी गोड वाटलं. सगळा वर्ग आपाकडं गेला होता आणि एक पोरगी माझी होती. तीन आठवडे मला जे हवं होतं ते मिळालं होतं, असा अर्धा क्षण गेला. मग तिचं उभं राहणं आठवलं, वही उघडून. जिनं माझ्यावर विश्वास ठेवला तिलाच मी पडद्यासमोर एकटी सोडलं होतं.

"मॅडम, मी भांडायला आले न्हाई," कहकशां म्हणाली. "दुरुस्ती नको असंल तर नको म्हणा, मी मागं घेते. पण काहीतरी एक करा. टांगून ठेवू नका. लातूरची पोरं पुढच्या महिन्यात हेच वाचणार हायत. आणि मला कुठं काही मिळवायचं न्हाई तुमच्याकडून." पण लगेच म्हणाली, "हे शेवटचं खोटं बोलले. मिळवायचं हाय. मलाबी शनिवारी बोलायचं होतं. अब्बांना बोलावलं होतं मी."

माझे डोळे मिटलेले होते आणि त्यांतून पाणी येत होतं. ते भक्तीचं नव्हतं. मी बेलाचं पान वाहिलं, मंत्र मनात पुरा केला, लिंग चांदीच्या डबीत ठेवून गळ्यात घातलं. मग पाण्याचा एक घोट घेतला. ती अजून उंबऱ्याबाहेरच होती.

"आत ये," मी म्हणाले. "जमिनीवर का बसलीस."

"तुमची पूजा चालली होती."

"तुझी पहिली विनंती मंगळवारी आली त्याच दिवशी मला कळलं होतं, तू बरोबर आहेस. आकृत्या, एकवाक्यता, ते सगळं मी मुद्दाम लावलं."

तिनं आश्चर्य दाखवलं नाही. "हौ," म्हणाली. "तिसऱ्या वेळेला कळलं मला."

"मग तरी करत का राहिलीस?"

"तुम्ही सांगितलेल्या चुका खऱ्या होत्या ना, मॅडम. नववा धडा खरंच चुकलेला होता." तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि गेलं. "अन् जरा राग पण होता. म्हटलं, बघू मॅडमची कारणं आधी संपतात का माझं नेट."

मी लॅपटॉप उघडला. तिच्यासमोर तिन्ही विनंत्या मंजूर केल्या. एकेक बटण. मंजुरीखाली कारण लिहायची जागा असते. तिथं लिहिलं: "मूळ चूक माझी होती. दुरुस्तीला नऊ दिवस उशीर माझ्यामुळे झाला." खुल्या जागेत लिहिलेलं पुसता येत नाही. पुसलं तरी पुसल्याचं दिसतं.

"सृष्टीला मी फोन लावते," कहकशां म्हणाली.

"फोन नको. वहीत माझ्या हातचं आहे, सहीसकट. ते फोनवर कसं खोडणार? मी जाते अहमदपूरला. उद्या. शनिवारच्या आत तिला घेऊन येते."

"ती न आली तर?"

"मी आणते म्हणाले ना तुला."

ती मान हलवून चपला घालून गेली. लगेच मागं फिरून म्हणाली, "मॅडम, पाणी आणखी प्या. तोंड लई सुकलंय."

दहा वाजता वर्गात मी फळ्यासमोर उभी राहिले आणि जेवढा माझा आवाज चढतो तेवढा चढवून सांगितलं की चौथा धडा माझा चुकला, आकडे उजवीकडून वाचायचे, कहकशांनं तो दुरुस्त केलाय. मला वाटलं होतं पोरं चकित होतील. कुणीच झालं नाही. वह्या खाली, नजरा खाली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

सत्यम उभा राहिला. "हाव मॅडम. समद्यांनाच."

"मग सांगितलं का नाही?"

तो डोकं खाजवत राहिला. "तुम्हाला कसं सांगायचं, मॅडम."

हा आदर मी बावीस वर्षं कमावला होता.

दुपारी उमाशंकर सरांकडे गेले. ते फॅनखाली पत्रिका तपासत बसले होते.

"सर, मी कहकशांबद्दल घाईची म्हणाले होते. ते बरोबर नव्हतं."

"म्हणजे?"

"ती घाईची नाही. एक दुरुस्ती तिनं तीनदा लिहून दिली, मी अडवली म्हणून. मला तिचा मत्सर वाटत होता. अजून वाटतो. म्हणून मी तसं म्हणाले."

सरांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत असं त्यांच्याशी कुणी बोललं नसावं.

"मॅडम, तुम्ही हे सांगितलं न्हाई असं मी समजू शकतो," ते म्हणाले. "तुमची दोन वर्षांची मेहनत हाय. चौथा धडा काय, कुणाचाबी चुकतो."

दार उघडं होतं. नुसतं "बरं" म्हणून मला निघता आलं असतं. मी तोंड उघडलं तेव्हा आतून तोच शब्द वर येत होता.

"न्हाई सर," मी म्हणाले. "सांगितलंय असंच समजा. आणि शनिवारी तिला बोलू द्या. माझ्या जागी. पुढच्या वर्षाचंही तुम्ही आता नीट बघूनच ठरवा."

"बघतो," सर म्हणाले, आणि पेनानं पत्रिकेतलं माझं नाव खोडलं. वर तिचं लिहिलं. एवढ्या लवकर लिहितील असं मला वाटलं नव्हतं. मी ते नाव उलट्या बाजूनं वाचलं आणि मत्सर पुन्हा तसाच्या तसा वर आला. सांगून टाकलं की जातं, असं काही झालं नाही.

व्हरांड्यात कहकशां पोरांच्या घोळक्यात होती. सरांचं दार उघडंच होतं, कुणीतरी ऐकून तिला बातमी आधीच दिली असावी. फोनवर ती वडिलांशी बोलत होती, "हौ अब्बा, शनिवारी. हौ, नवा शर्ट घाला." मी दुसऱ्या जिन्यानं खाली उतरले. तिच्यासमोर हसायला मला जमलं नसतं, आणि न हसता जाणं बरं दिसलं नसतं.

नोंदणीच्या अर्जावर सृष्टीचा पत्ता होता, अडत बाजाराच्या मागची गल्ली, वडिलांचं नाव मल्लिकार्जुन. मी तो एका कागदावर उतरवून घेतला. तिला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होते. प्रत्येक वाक्यात कुठंतरी मी बरी दिसत होते. मग जुळवायचं सोडून दिलं.

शुक्रवारी चारला उठले. अंघोळ, भस्म, पूजा. जप एकशे आठ पुरा झाला की नाही हे मला खात्रीनं सांगता येणार नाही, मध्येच एकदा अब्बांचा नवा शर्ट आला होता. मी परत एकपासून सुरू केलं नाही. सहाची गाडी चुकली असती.

वसतिगृहातल्या पोरी झोपलेल्या होत्या. मी चपला हातात घेऊन जिना उतरले, फाटकाशी येऊन पायात घातल्या आणि स्टँडकडं चालायला लागले.